वरणाची पळी आणि प्रथिनांचा हिशेब

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा इतिहासविषयक लेखाची होती, हे आम्ही जाणतो. इतिहास हा आमचा अध्यापनाचा विषय. परंतु गेली काही वर्षे वर्गासोबत वसतिगृहाच्या भोजनगृहाची देखरेखही आमच्याकडे आहे, आणि त्या काळात आम्हांस ज्या एका प्रश्नाने सर्वाधिक अभ्यास करावयास लावला तो पानिपतचा नव्हे, वरणाचा होता. म्हणून हा लेख वरणावर आहे. माजी विद्यार्थ्यांना त्यातील काही भाग वाचताना हसू येईल. पालकांनी मात्र तो हातात पेन्सिल घेऊन वाचावा, अशी विनंती आहे.

भोजनगृहाचा कारभार हाती घेतला त्या वर्षी निवासी मुले-मुली मिळून दोनशे होती. दोन्ही वेळच्या वरणासाठी कोठीतून दिवसाला चार किलो तूरडाळ निघत असे. मुलांनी त्या वरणाला ‘वैनगंगा’ असे नाव ठेवले होते. श्रावणात वरण आणखी पातळ झाले की ‘आज पूर आला’ असे ती म्हणत. आम्ही ते ऐकून हसत असू. ताट तर भरलेले दिसे: भाताचा ढीग, दोन पोळ्या, वांगे-बटाट्याची भाजी आणि वाटीभर वैनगंगा. उपाशी कोणीच उठत नव्हते. एका संध्याकाळी धान्याची नोंदवही तपासताना सहज भागाकार केला. चार हजार ग्रॅम भागिले दोनशे. माणशी वीस ग्रॅम डाळ, तीही सबंध दिवसाची. वीस ग्रॅम म्हणजे मुठीत धरली तर मूठ मिटून आत जागा उरेल एवढी. त्या रात्री आमचे हसू थांबले.

ही मुले कोणाची, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्यांची, विटाभट्टीवर जाणाऱ्यांची, विड्या वळणाऱ्यांची. घरी जे मिळत नाही ते निदान शाळेत मिळेल, या विश्वासावर त्यांना इथे आणून सोडलेले असते. त्या विश्वासाचे वजन वीस ग्रॅम भरत होते.

इतिहास थोडा सांगितलाच पाहिजे

प्रथिन या शब्दात ‘प्रथम’ दडलेला आहे. युरोपात १८३८ साली या द्रव्याला जे नाव मिळाले त्यातही ग्रीक भाषेतील ‘पहिले’ हाच अर्थ आहे. स्नायू, रक्त, केस, जखम भरून येणे, रोगाशी झुंज देणे, आणि वाढत्या वयात उंची व वजन, या सर्वांना प्रथिन लागते. मांस, मासे, अंडी, दूध यांतून ते मिळते. डाळी, कडधान्ये, तेलबिया आणि धान्ये यांतूनही मिळते. पहिला मार्ग महाग आहे, दुसरा तुलनेने स्वस्त. इतके विज्ञान शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात नसते ते हे, की आपल्या समाजाच्या ताटात प्रथिन कोणत्या वाटेने येत होते आणि ती वाट कधी बंद झाली.

गावगाड्यात आपल्या पूर्वजांना बलुते म्हणून धान्य मिळे, दारोदार फिरून शिळ्या भाकरीचे तुकडे मिळत, आणि मेलेले जनावर ओढण्याच्या कामाबरोबर त्या जनावराचे मांस वाट्याला येई. ते एका दिवसात संपत नसे. त्याच्या पट्ट्या कापून, उन्हात वाळवून चान्या केल्या जात आणि त्या पुढे पुरवून पुरवून खाल्ल्या जात. आज आपणांस ते आठवणे नको वाटते. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ज्यांच्याकडे डाळ विकत घ्यायला पैसा नव्हता आणि पिकवायला जमीन नव्हती, त्यांचे ते प्रथिन होते. त्याची किंमत पैशात नव्हती. ती माणूसपणात मोजून घेतली जात होती.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याकडे निघालेल्या मोर्चामुळे ती आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, उष्टे तुकडे मागणे सोडा, असे निक्षून सांगितले. पुढील काळात गावोगाव लोकांनी ते सोडले. काही ठिकाणी त्यापायी बहिष्कार सोसला, मजुरी गमावली, तरी सोडले. या निर्णयाचे मोठेपण आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो. परंतु त्याची दुसरी बाजू आमच्या ध्यानात आली ती धान्याच्या नोंदवहीपुढे बसल्यावर. ज्या दिवशी चान्या गेल्या त्या दिवशी ताटात एक जागा रिकामी झाली. ती जागा डाळीने भरावयास हवी होती. डाळ विकत घ्यावी लागते. भूमिहीनाच्या घरी ती सणाला येई, आणि एरवी मिरचीच्या पाण्यावर भात किंवा भाकरी उतरे. स्वाभिमानाने जे ताट आपण निवडले ते पुरते भरण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर सोपवलेले होते. आमच्या मते ते अजून पूर्ण झालेले नाही.

इथे एक खुलासा. शाकाहार श्रेष्ठ आणि मांसाहार हीन, असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. अन्नावरून माणसाची प्रत ठरविण्याचा खेळ या देशात फार झाला, आणि त्यात आपण कोणत्या बाजूला उभे केले गेलो हे आपण विसरलेलो नाही. मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिले. ते ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. अंड्याला आमचा विरोध नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिन असते आणि आमच्या भोजनगृहात ते आठवड्यातून एकदा, देणगीदारांच्या सौजन्याने, येते. उरलेल्या सहा दिवसांचे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर डाळ, कडधान्य आणि शेंगदाणा यांतच शोधावे लागते, कारण खिसा तेवढीच परवानगी देतो.

किती लागते

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली जे प्रमाण ठरविले त्यानुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन रोज मिळावे. पासष्ट किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, पंचावन्न किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम. १३ ते १५ वयाच्या मुलाला ४५ ग्रॅम, मुलीला ४३. सोळा ते अठराच्या मुलाला ५५. ज्यांच्या आहारात दूध-अंडी जवळजवळ नाहीत आणि सारे प्रथिन धान्य-डाळींतून येते, त्यांनी किलोमागे एक ग्रॅम धरणे शहाणपणाचे, कारण वनस्पतिज प्रथिन काहीसे कमी पचते.

आता आमचे जुने ताट मोजू. अडीचशे ग्रॅम तांदळातून वीस ग्रॅम प्रथिन, शंभर ग्रॅम कणकेतून साडेदहा, वीस ग्रॅम तूरडाळीतून सव्वाचार, भाजीतून दोन. बेरीज सदतीस. नववीतील मुलाला हवे होते पंचेचाळीस. म्हणजे पोट भरून उठलेला मुलगाही रोज आठ ग्रॅमांनी उपाशी होता. तूट एका दिवसाची असती तर काही बिघडले नसते. ती वर्षाच्या दहा महिन्यांची होती.

येथे एका मोठ्या माणसाचे स्मरण करणे योग्य होईल. डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे. जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे ते प्रमुख होते. १९६०च्या दशकात जगभर ‘प्रथिनांचे संकट’ असा गजर चालला असताना त्यांनी आकडेवारीने दाखवून दिले की भारतातील गरिबांची प्रथिनांची उणीव बहुतांशी एकूण अन्नाच्या उणिवेतून येते. माणसाला पुरेसे अन्नच मिळाले नाही तर शरीर प्रथिनही सरपणासारखे जाळून टाकते. मग ते स्नायू बांधण्याच्या उपयोगी पडत नाही. म्हणून ज्याच्या घरी पोटभर जेवण नाही त्याला प्रथिनांचा डबा देणे व्यर्थ. आधी पोट भरले पाहिजे. आमच्या मुलांचे पोट भरत होते, म्हणूनच वरणाचा प्रश्न आम्ही पुढे नेऊ शकलो. घरोघरी हाच क्रम लक्षात ठेवावा.

भगवान बुद्धांची आळवी गावची कथा आम्ही परिपाठात नेहमी सांगतो. गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो दिवसभर रानात शोधून भुकेला, उशिरा सभेत आला. तथागतांनी त्याची वाट पाहिली होती. तो येताच त्याला आधी जेवू घालण्यास सांगितले, तो जेवून स्वस्थ झाला आणि मगच धम्म सांगितला. भिक्खूंना त्याचे नवल वाटले. सुखात्म्यांचा क्रम आणि आळवीचा क्रम एकच आहे.

भात आणि वरण यांची जोडी

प्रथिने वीस प्रकारच्या ॲमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांतील नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. तांदूळ, गहू, ज्वारी यांच्या प्रथिनात लायसिन नावाचे आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर, पण मेथिओनिन कमी. धान्यात मेथिओनिन बऱ्यापैकी असते. म्हणजे दोघांची उणीव दोघे भरून काढतात. वरणभात, खिचडी, भाकरी-झुणका, आपल्या विदर्भातला गोळाभात, पुरणाची पोळी ही सारी याच जोडीची रूपे आहेत. ज्यांनी ती प्रथम केली त्यांना लायसिन ठाऊक नव्हते. जिभेला आणि अंगाला जे मानवले ते त्यांनी धरून ठेवले. एकाच घासात दोन्ही हवेत असा काही नियम नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेले म्हणजे झाले. सकाळी उसळ आणि रात्री भात, तरी जोडी जमते. प्रमाण साधारण तीन भाग धान्यास एक भाग डाळ किंवा कडधान्य असावे. आमच्या जुन्या ताटात ते साडेसतरास एक होते.

नव्या ताटात आम्ही तांदूळ दोनशे ग्रॅमवर आणला, कणीक दीडशे केली, तूरडाळ पन्नास, हरभरा, मटकी, बरबटी किंवा वाटाणा यांची उसळ कोरडे वजन चाळीस ग्रॅम धरून, आणि मधल्या वेळी पंचवीस ग्रॅम शेंगदाणे गुळाच्या खड्याबरोबर. तांदळाचे सोळा, गव्हाचे सोळा, डाळीचे अकरा, उसळीचे साडेसात, दाण्याचे सहा, भाजीचे तीन. बेरीज साडेएकोणसाठ. सोळा-सतराच्या मुलालाही हे पुरते.

संस्थेच्या बैठकीत आम्ही हे मांडले तेव्हा पहिला प्रश्न अपेक्षित होता: पैसा कोठून आणावयाचा? प्रश्न रास्त होता. उत्तर देण्यासाठी आम्ही एक रीत बसविली. ती कोणत्याही गृहिणीला जमेल. पदार्थाच्या किलोच्या भावाला त्या किलोतील प्रथिनाच्या ग्रॅमनी भागावे आणि दहाने गुणावे. दहा ग्रॅम प्रथिन किती रुपयांना पडते ते कळते. हा लेख लिहिताना आमच्या गावच्या बाजारात तूरडाळ किलोला दीडशे रुपये आहे. किलोत २१७ ग्रॅम प्रथिन. म्हणजे दहा ग्रॅमला सात रुपये. अख्खा हरभरा नव्वद रुपये किलो, प्रथिन १८८ ग्रॅम. दहा ग्रॅमला पावणेपाच रुपये. शेंगदाणे एकशे चाळीस रुपये, प्रथिन २३६ ग्रॅम, सहा रुपये. सोयाबीनच्या वड्या एकशे वीस रुपये किलो आणि त्यांत निम्म्याहून अधिक, सुमारे ५२० ग्रॅम प्रथिन, सव्वादोन रुपये. आता दुसरी बाजू पाहा. साठ रुपये लिटरचे दूध: दहा ग्रॅमला एकोणीस रुपये. पनीर चारशे रुपये किलो धरले तर वीसएक रुपये. नऊशे रुपयांचे बदाम: एकोणपन्नास रुपये. भाव उद्या बदलतील, तुमच्या गावी आजही वेगळे असतील. भागाकार तोच राहील.

या हिशेबातून दोन गोष्टी निघाल्या. एक, सारा भार तूरडाळीवर टाकू नये. तूर ही आपल्या जिभेची राणी आहे, पण महाग राणी. वरण तुरीचेच ठेवून उसळीत हरभरा आणि मटकी आणावी, आठवड्यातून दोनदा मसूर किंवा मूग मिसळावा. मसूरडाळीत तर तुरीपेक्षा प्रथिन अधिकच, चोवीस ग्रॅम. दोन, भाजीवर होणारा खर्च तपासावा. बटाट्याच्या भाजीत जो पैसा जात होता त्यातला काही आम्ही उसळीकडे वळविला. बटाटा पोट भरतो, प्रथिन देत नाही. मुलांनी आठवडाभर कुरकुर केली. आठव्या दिवशी मटकीला तर्री चांगली जमली आणि कुरकुर संपली.

शेतात आहे, घरात नाही

विदर्भात आणि मराठवाड्यात एवढे सोयाबीन पिकते की कापणीच्या दिवसांत बाजार समितीबाहेर गाड्यांच्या रांगा लागतात. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये पस्तीस ग्रॅम प्रथिन असते. एकाही डाळीत एवढे नाही. पण ते घरात शिजत नाही. तेल निघते, आणि प्रथिनाने भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यासाठी जाते. ज्याच्या शेतात पीक उभे आहे त्याच्या मुलाच्या ताटात मात्र ते नाही. त्याची वास-चवीची अडचण खरी आहे, आणि कच्चे किंवा अर्धे शिजलेले सोयाबीन पचनाला बाधक ठरते हेही खरे. उपाय सोपा आहे. दाणे निवडून उकळत्या पाण्यात वीसएक मिनिटे शिजवावेत, पाणी टाकून द्यावे, दाणे कडक उन्हात वाळवावेत आणि गव्हाबरोबर दळावेत. नऊ किलो गव्हास एक किलो पुरे. पोळीची चव बदलत नाही आणि कणकेतले प्रथिन जवळजवळ पावपट वाढते. शाळेत आम्ही ते सुरू केले तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींनी आम्हांस बजावले होते, ‘सर, मुलांना सांगू नका, मग काही कळत नाही.’ त्यांचे म्हणणे खरे ठरले. वड्यांचेही तसेच. गरम पाण्यात भिजवून, पिळून, रश्शात घालाव्यात. पिळल्याशिवाय घातल्या तर त्यांचा वास रश्शाला लागतो.

आमच्या भागात आणखी एक दाणा आहे, त्याविषयी सावधगिरीने लिहिले पाहिजे: लाखोरी. धान कापणीपूर्वी बांधीत फेकली की ओलाव्यावर उगवते, खर्च नाही, पाणी नाही, आणि प्रथिन भरपूर. दुष्काळात जे टिकते तेच गरिबाच्या वाट्याला येते. तिच्यात एक विषारी द्रव्य असते. इतर अन्नाबरोबर थोडी खाल्ली तर सहसा अपाय होत नाही. परंतु कित्येक महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली की पाय लुळे पडतात. मध्य भारतात रेवा-सतना भागात वेठीच्या शेतमजुरांना मजुरीच या डाळीच्या रूपाने दिली जाई आणि तेथे या रोगाने अनेक संसार खाटेवर आणले. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. आम्ही हा धडा आठवीच्या वर्गात मुद्दाम सांगतो, कारण त्यात अन्नाचा आणि सत्तेचा संबंध उघडा पडतो: डाळ विषारी होती म्हणून माणसे लुळी झाली हे अर्धे सत्य, दुसरे काही घेण्याची मुभा नव्हती हे उरलेले अर्धे. आजच्या पालकांना आमची सूचना एवढीच, की घरची लाखोरी खावयाची तर क्वचित, गरम पाण्यात भिजवून व ते पाणी टाकून. आणि बाजारातले सुटे बेसन स्वस्त मिळाले म्हणून घेऊ नये, त्यात तिची भेसळ होत आलेली आहे. हरभरा डाळ घेऊन गिरणीत दळून आणावी.

स्वयंपाकघरातील काही गोष्टी थोडक्यात. मोड आणल्याने कडधान्यातील प्रथिन वाढत नाही, तसा समज आहे तो चुकीचा. पण ते पचायला हलके होते आणि त्यात क जीवनसत्त्व तयार होते, म्हणून मोड जरूर आणावेत. डाळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा घालू नये, त्याने ब जीवनसत्त्वाचा नाश होतो. रात्री भिजत घालावी. उसळीवर लिंबू पिळावे किंवा ताटात आवळ्याची फोड असावी, त्याने डाळीतील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होते, आणि आपल्या मुलींमध्ये रक्त किती कमी आहे हे आरोग्य तपासणीच्या दर शिबिरात दिसते. जवस आणि तीळ यांची चटणी रोज चमचाभर असावी. आणि एक गोष्ट वनस्पतींतून मिळतच नाही: ब-१२ जीवनसत्त्व. त्यासाठी ताक, दही, दूध किंवा अंडे, काहीतरी हवेच. जे यांपैकी काहीच घेत नाहीत त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

पहाटे शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीसाठी धावणारी मुले येतात. त्यांत आपले माजी विद्यार्थी बरेच असतात. गेल्या वर्षी त्यांतील एकाने प्रथिनांच्या पावडरीचा डबा उधारीवर घेतला. त्याची आई रोवणीला जाते. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. साठ किलोचा, रोज घाम गाळणारा तरुण. त्याला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे पंचाहत्तर ते नव्वद ग्रॅम लागणारच. आम्ही त्याला मैदानाच्या कट्ट्यावर बसवून हिशेब मांडला. शंभर ग्रॅम फुटाणे आणि पन्नास ग्रॅम शेंगदाणे यांत तीस ग्रॅमहून अधिक प्रथिन, खर्च वीस-बावीस रुपये. घरी दोन वेळ घट्ट वरण, एक वेळ उसळ, नऊ-एक कणकेच्या पोळ्या. उरलेला खड्डा वड्यांच्या भाजीने भरतो. त्याने डबा संपविला, पण दुसरा आणला नाही. पहाटे येताना आता त्याच्या खिशात फुटाण्यांची पुडी असते आणि धावून झाल्यावर तो ती इतरांतही वाटतो.

आयांविषयी लिहिल्याशिवाय हा लेख संपविता येणार नाही. आमच्या पालक सभेत आम्ही एक प्रश्न विचारतो: घरी वरण सर्वांत शेवटी कोण वाढून घेते? उत्तर सर्वांना ठाऊक असते, म्हणून कोणी देत नाही. गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून रोज साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत बावीस ग्रॅम प्रथिन जास्तीचे लागते. बावीस ग्रॅम म्हणजे आणखी शंभर ग्रॅम डाळ. गंजाच्या तळाशी उरलेल्या वरणात ती सापडत नाही. एका सभेत एक आजी उठून म्हणाल्या, ‘गुरुजी, आमच्या काळात सासू आधी वाढत होती, आता आम्ही सासू झालो तर सुनेला आधी वाढतो.’ टाळ्या पडल्या. आमच्या मते त्या सभेत झालेले सर्वांत उपयुक्त भाषण तेच.

आणि शेवटी पळी. नवीन प्रमाण सुरू होऊन महिना झाला तरी काही मुलांच्या वाटीत पाणीच दिसे. कोठीतून डाळ तर दहा किलो निघत होती. आम्ही एक दिवस पंगतीच्या सुरुवातीपासून गंजाजवळ उभे राहिलो. डाळ जड असते, ती तळाशी बसते. वाढणारा वरून पळी भरतो. पहिल्या रांगेत लहान वर्गाची मुले बसतात, त्यांना वरचे पाणी मिळे. शेवटच्या रांगेत दहावीची मुले, त्यांना तळाचा गोळा. कोणाचा दोष नव्हता, कोणाचे लक्षही नव्हते. तेव्हापासून नियम केला, की दर दहा वाट्यांनंतर पळी तळापर्यंत घालून गंज ढवळावयाचा. हे काम पाळीपाळीने मुलेच करतात. ज्याची पाळी असेल तो मोठ्याने दहा मोजतो आणि ढवळतो. पाचवीची मुले त्याच्याबरोबर मोजतात, आणि मोजणी चुकली तर त्याला तिथेच अडवतात.